पितळी बिल्ला

पुण्यातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात द्रौपदाबाईंनी पदराची गाठ सोडून पितळी बिल्ला काचेवर ठेवला. "माझ्या वडलांचा हाय. इंग्रजांच्या लढाईत इटलीला गेलं, ते परत आलंच न्हाईत. घराचं छप्पर उडालंय, म्हणून इकतीया."

दुकानदार कोपर्ड्यांनी भिंगातून पाहिलं. बिगुलाची नक्षी वापरून गुळगुळीत झालेली, मागे कारखान्याचा छाप. बिल्ला अस्सल होता. असा बिल्ला हाती यावा म्हणून ते कित्येक वर्षं वाट बघत होते. भाव पाडायला ते हसले.

"नकली आहे, आजी. बायकोपोरांना टाकून पळणारे लोक असले बिल्ले बाजारात घ्यायचे आणि लढाईला चाललो म्हणून सांगायचे. तरी पितळेचे शंभर देतो."

"आई जल्मभर वाट बघत मेली वो त्याची." द्रौपदाबाईंनी शंभराची नोट मागे सारली. "खोट्याचं पैसं नगंत मला."

बिल्ला तिथेच टाकून त्या निघाल्या. त्या एसटीत बसल्या असतील, तेवढ्यात कोपर्ड्यांनी मुंबईच्या एका संग्राहकाशी फोनवर सौदा पक्का केला. "शंभर टक्के खरा," त्यांनी शपथेवर सांगितलं.

गावात शाळेसमोर पाथरवट स्मारकाच्या दगडावर लढाईत गेलेल्यांची नावं कोरत होता. द्रौपदाबाईंच्या वडलांचं नाव सकाळीच कोरून झालं होतं.

"ह्ये नाव काढ, बाबा," त्या म्हणाल्या. "ह्यो लढाईत मेला न्हाई. आमास्नी टाकून पळाला."

शेवटचं अक्षर छिन्नीखाली जाईपर्यंत त्या उन्हात उभ्या राहिल्या.