ताई, कापू?

पडद्यावर लीलाताईंचं फुप्फुस होतं आणि त्यावर कुठं कापायचं ते दाखवणाऱ्या दोन रेषा. दोन्ही एकाच जागी यायला हव्या होत्या. आल्या नव्हत्या.

पहिली हवेची. डॉक्टर हंबीरराव जुन्या वळणाचे; फुप्फुस फुगवून रोगट भागाची नळी बांधायची आणि थांबायचं. बाकीचं फुप्फुस बसतं, बांधलेला भाग फुगलेला राहतो. दुसरी रंगाची. हा त्यांच्या हाताखालच्या रसिकाचा हट्ट. शिरेतून रंग सोडला की निरोगी भाग कॅमेऱ्यात हिरवा उजळतो, रक्तवाहिनी बांधलेला रोगट भाग काळाच राहतो.

मधे दोन बोटं रुंद पट्टी उरली होती. हवेच्या हिशेबानं ती कापायची, रंगाच्या हिशेबानं ठेवायची.

"रंगाचं ऐका, सर," रसिका म्हणाली. "हवा शेजारी झिरपते. पण लवकर करा, रंग थोड्या वेळात विरतो; पुन्हा इतकं स्वच्छ दिसायचं नाही."

"गाठ रंगाच्या रेषेच्या फार जवळ आहे," हंबीरराव म्हणाले.

"त्यांचं दुसरं फुप्फुस टीबीनं खाल्लंय," भूल देणारा ध्रुव म्हणाला. "ही पट्टी गेली तर घरी कायमचा ऑक्सिजन."

हे हंबीररावांना कुणी सांगायला नको होतं. लीलाताई याच ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर. सकाळी टेबलावर चढताना त्याच म्हणाल्या होत्या, "साहेब, घडियाळी पोळाच्या गल्लीत तिसऱ्या माळ्यावर राहते मी. जिना चढता आला, एटले बस, तेवढं पुरे."

हंबीररावांनी मनाशी ठरवलं, रंग. हत्यार पट्टीच्या आतल्या, गाठीकडच्या कडेला टेकवलं आणि हात थांबला.

इतक्या वर्षांत त्यांनी विचारल्याशिवाय काप घेतला नव्हता. ते विचारायचे, समोरून ताई "कापा, साहेब" म्हणायच्या, मगच हात चालायचा. नवे डॉक्टर यावरून मागे हसायचे. आज त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीत माणूस सवयीलाच धरतो.

"ताई, कापू?" तोंडून गेलंच.

ताईंच्या जागी आज दुर्गा सिस्टर उभी होती. तिनं खाली मान घातली. "कापा" म्हणायला कुणाचीच जीभ उचलेना. चादरीखाली लीलाताई मशीनच्या तालावर श्वास घेत होत्या, आणि हंबीरराव पडद्याकडे पाहत उत्तराची वाट बघत राहिले.

"सर, रंग चालला," रसिका म्हणाली.

हिरवं पुसट झालं, मग पुरतं विरलं. पडद्यावर हवेची एकटी रेषा उरली. हंबीररावांनी हत्यार उचललं आणि दोन बोटं बाहेर, त्या रेषेवर सरकवलं.