पलूसवरून जाताना

शिवतेजला व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स मिळायला आता रात्रीच्या उड्डाणाची चाचणी तेवढी राहिली होती. शेवटची फेरी त्याच्या गावावरून, पलूसवरून जाणार म्हटल्यावर त्याचे वडील, अण्णा, हरखले. शेतीची लाईट रात्रीचीच यायची.

"मी उसाला पाणी पाजत रानातच आसतोय रं. बॅटरी हलवीन वर, बघ."

त्या रात्री वरून पाहिलं, तर रानात एक सोडून दहा बॅटऱ्या हलत होत्या.

"सर, अण्णांनी सगळी भावकी गोळा केली बघा!" शेजारच्या इन्स्ट्रक्टरला म्हणत त्यानं हसत पंख डोलवले.

सकाळी पास झाल्याचं सांगायला त्यानं घरी फोन लावला. चुलत्यानं उचलला.



"शिवा, साप चावून अण्णा गेलं रं. रातच्याला समदी भावकी बॅटऱ्या घिऊन त्यास्नीच उसात हुडकत हुती."