नावापुढचा क्रूस

“वुब्बोचा चेहरा पाहिला होता का कोणी?” मी आल्याआल्या आईने तेच विचारलं. वुब्बो म्हणजे माझे बाबा, ते साथीत गेले. त्यांची पेटी इस्पितळातून बंद होऊनच आली आणि दफन आम्ही पडद्यावर पाहिलं. पेटीत दुसराच कोणीतरी होता, हे तिने तेव्हापासून धरून ठेवलंय. वर्षभर मी खिडकीबाहेरून हात हलवत राहिले. आज मास्क लावून पहिल्यांदा घरात आले. तिने कॉफी दिली, डब्यातलं एकच बिस्कीट पुढे केलं आणि पाहुण्यांसमोर लावतो तसं झाकण लगेच लावून टाकलं. “गुडघ्यावरचा वण कसला?” तिने मध्येच विचारलं. “कालव्यावरच्या बर्फात पडले होते ना, आई. बाबांनी उचलून आणलं.” “पाठांतर चोख आहे,” ती माझ्या मास्ककडे बघत म्हणाली. मी हसण्यावारी नेलं आणि संडासात गेले. आमच्या देशात सगळ्यांच्या संडासात असतं तसं तिथे वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं. माणूस गेलं की नावापुढे क्रूस काढायचा, ही आमची रीत. बाबांचा राहिला होता, म्हणून मी पेन घेऊनच आले होते. मार्चचं पान काढलं. नऊ तारखेला वुब्बो, पुढे कोरं. एकोणीसला हिस्के, म्हणजे मी. पुढे आईच्या हातचा रेखीव क्रूस. बाहेर आले, तर ती माझा कोट घेऊन दारात उभी होती. “या आता तुम्ही,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “वुब्बो येईल एवढ्यात. पोरगी गेल्याचं त्याला अजून सांगितलेलं नाही.”