टिकलीच्या मधोमध

"काकू, टाइल फार गुळगुळीत आहे हो, ड्रिल घसरतंय," समोरच्या फ्लॅटमधला नवा शेजारी दारात येऊन ओशाळत म्हणाला. बाथरूममध्ये आरसा टांगताना त्याच्या कोऱ्या ड्रिलने नुसते ओरखडे काढले होते.

मालनकाकूंनी आपलं बॅटरीवरचं जुनं ड्रिल उचललं. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, बॅटरी दोनदा बदललेली. अकरा वर्षांपूर्वी काका गेले, तेव्हा नणंद म्हणाली होती, "वहिनी, दादाचं हे यंत्र विकून टाका. टिकल्यांची पाकिटंही देऊन टाका कुणाला. तुम्हाला आता काय उपयोग?"

काकूंनी दोन्ही ठेवून घेतलं. आज अख्ख्या बिल्डिंगच्या भिंतींना त्यांच्याच हातची भोकं होती.

त्यांनी कपाळावरची टिकली काढून टाइलवर चिकटवली आणि बरोब्बर तिच्या मधोमध ड्रिल टेकवलं. टोक तसूभरही घसरलं नाही.

"ही युक्ती काकांची का?"

"छे! त्यांनी टाइल्स फोडल्या नुसत्या."

आरसा लागला. काकूंनी ड्रिलच्या पेटीतून नवी टिकली काढली आणि त्याच आरशात बघून ठसठशीत लावली.