मीठ-मोहऱ्या

दुपारचा एक वाजला तरी गोजरबाईनं ताटाला हात लावला नव्हता. कालपासून तेच चाललं होतं. सत्यभामा समोर बसून विनवण्या करत होती आणि म्हातारी उलट तिलाच, परक्या बाईला सांगावं तशी, मऊ आवाजात समजावत होती.

"बाई, माझी भामा मेली. अजून उचललं नाय तिला. अन् मी जेवू व्हय?"

"माय, अगं मीच भामा."

गोजरबाईनं तिच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं आणि कीव आल्यासारखी मान हलवली. तिची भामा ऐन तिशीतली. तिनं स्वतः विंगेत उभं राहून तिला मरताना पाहिलं होतं.

आता म्हातारीची तरी काय चूक? सत्यभामेनं जन्मभर दुसरं केलं काय? नाटक कुठलंही असो, तिसऱ्या अंकात तिचं मरण ठरलेलं. विहिरीत, विषानं, बाळंतपणात, क्षयानं. एका नाटकात नुसतं आंधळं व्हायचं होतं, तर तिला सुट्टी मिळाल्यासारखं वाटलं होतं. क्रांती चौकात रिक्षासाठी उभी राहिली की अनोळखी बाया येऊन तिचा हात धरायच्या, जिवंत आहे याची खात्री करून घ्यायच्या.

आणि दर प्रयोगाला विंगेत गोजरबाई, मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन. मरणाचं सोंग घेतलं की यमाला उगाच पत्ता कळतो, असं तिचं म्हणणं. पडदा पडला की ती आधी लेकीवरून मूठ ओवाळायची. तोवर सत्यभामेनं उठायचं नाही, बाहेर टाळ्यांचा कडकडाट होत असला तरी नाही. मग दिवसभराच्या उपाशी दोघी कपड्यांच्या ट्रंकेवर बसून एकाच डब्यातलं जेवायच्या.

आज सत्यभामेनं आधार कार्ड दाखवलं. हनुवटीवरचा लहानपणचा व्रण दाखवला. शेवटी तिला रडूच फुटलं, अगदी नाक वाहणारं, खरंखुरं रडू. गोजरबाईनं ते जाणकारासारखं नीट पाहून घेतलं.

"चांगली रडतीस," ती म्हणाली. "पण माझ्या भामाची सर नाय."

असा राग आला सत्यभामेला! तशीच तरातरा उठली. कूलर घरघरत होता, दाराचा पडदा फुगून पुन्हा बसत होता, बाहेर सारं पुंडलिकनगर उन्हात पेंगत होतं. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा फरशीवर आला होता, लाइटवाल्यानं मुद्दाम सोडल्यासारखा. सत्यभामा त्यात जाऊन उभी राहिली. केस मोकळे सोडले. गुडघा कुरकुरला, पण पडली ती बरोब्बर तशीच, डावा हात उंबऱ्याकडं पसरून.

"दिवा मालवू नका," ती म्हणाली. "मला माझं घर दिसू द्या."

शेवटच्या शब्दांना म्हातारीचेही ओठ हलले. सत्यभामेनं डोळे मिटले.

मिटल्यावर खोली कुठं संपली, कळेना. कूलरची घरघर लांब लांब गेली आणि अंधारात माणसं श्वास धरून बसली आहेत असं वाटायला लागलं. फरशी लाकडी फळ्यांसारखी उबदार लागली. आपण तिशीत आहोत की साठीत, तेही आठवेना. मग एकदम भान आलं. आपण हे काय करून बसलो? म्हाताऱ्या आईपुढं मरून दाखवलं. आता तिनं हंबरडा फोडला तर?

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण वाजलं. अनवाणी पावलं जवळ आली. मिठाचा एक खडा गालावर पडला. बांगड्यांचा आवाज डोक्यापासून पायांपर्यंत गेला, पुन्हा डोक्याशी आला. एकदा, दोनदा, तीनदा.

"ऊठ भामे, पडदा पडला. सकाळपासून उपाशी हायस."

सत्यभामा उठली. दोघी एकाच ताटात जेवायला बसल्या. गोजरबाईनं भाकरी मोडली, मोठा तुकडा लेकीपुढं सरकवला आणि पहिला घास तोंडात घातला. सत्यभामा तिच्या हलत्या जबड्याकडं बघत राहिली.

"आज मरायची लई घाई केलीस," म्हातारी म्हणाली. "उद्या सावकाश मर."