अकलूजचा वाचक

शिवलीलाने लेखाखाली नवऱ्याचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. अनिलकुमारांना जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि त्यांचा गोल्फचा ब्लॉग आज पुन्हा सुरू झाला होता.

माणूसच जगावेगळा. जन्म सोलापुरात गेला, गोल्फची काठी कधी हातात धरली नाही. पण परदेशातल्या स्पर्धा टीव्हीवर बघायच्या आणि त्यावर मराठीत लिहीत बसायचं. सात रस्ता चौकातले दोस्त चहा पिता पिता टिंगल करायचे. नेमाने वाचणारा सगळ्या जगात एकच, अकलूजचा गुरुलिंग. पेपरला पत्र लिहावं तसा तो प्रत्येक प्रतिक्रियेखाली पत्ता द्यायचा, ‘दूध डेअरीमागे, अकलूज’. दोघं कधी भेटले नाहीत, फोनवरही बोलले नाहीत.

अनिलकुमार गेले तेव्हा त्याला कळवायचं कुणालाच सुचलं नाही. तो मात्र विचारत राहिला. बरे आहात ना? लिहा हो, वाट बघतोय. शिवलीला ते सगळं वाचायची. घरात त्यांचे कपडे वाटून झाले होते, मुलाने त्यांचा फोनही बंद करून टाकला होता. या एका माणसाच्या लेखी तेवढे अनिलकुमार अजून होते. त्याला खरं सांगितलं की तेही संपणार. म्हणून ती लिहायला बसली.

खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. टीव्ही लावायची, कानावर पडेल ते मांडायची. एकदा लिहून गेली, की कुणीतरी लागोपाठ बोगी मारून आघाडी घेतली. गुरुलिंगने लगेच दाद दिली, बोगी मारावी तर त्यानेच! नंतर तिला कळलं, बोगी म्हणजे ठरल्यापेक्षा एक फटका जास्त लागणं, म्हणजे चूकच. आपलं हसं होऊ नये म्हणून बिचाऱ्याने होला हो म्हटलं असणार, अशी तिने समजूत करून घेतली. आणि एवढ्या भल्या माणसाला आपण फसवतोय, हे तिला खायला लागलं.

शेवटी एका सकाळी ती अकलूजच्या एसटीत बसली. वाटभर एकच वाक्य मनात घोळवत होती आणि प्रत्येक वेळी अर्ध्यावर रडू येत होतं. आज सांगितलं की अनिलकुमार दुसऱ्यांदा जाणार होते, आणि या खेपेला तिच्याच तोंडून.

डेअरीमागचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात तिच्याच वयाची, कपाळाला विभूती लावलेली एक बाई शेंगा फोडत बसली होती. शिवलीलाने गुरुलिंग अण्णा आहेत का म्हणून विचारलं. बाईने मान वर केली आणि कुठल्या तुम्ही, म्हणाली.

“सोलापूरची. गोल्फवर लिहितात ना अनिलकुमार, त्यांची बायको मी.”

बाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने रस्त्यावर नजर टाकली, बरोबर आणखी कुणी नाही ना हे पाहिलं, आणि शिवलीलाला हाताला धरून आत नेलं. पाणी दिलं. दार लोटून घेतलं. तांब्या खाली ठेवून शिवलीला कशीबशी म्हणाली, की मला अण्णांना एक सांगायचंय. बाईने तिच्या हातावर हात ठेवला.

“आदी माजं ऐका. मी शिवम्मा, त्यांची बायको. तुमचे मालक मदी लिहायचे थांबले हुते न्हवं, त्याच्या बी आदीच हे गेले. तवापासनं उत्तर मीच देतीया. मला त्या खेळातलं काय बी कळत न्हाय.” तिने पदराने डोळे पुसले. “पर तुमच्या मालकांसाठी तरी हे अजून जित्ते हायत. हात जोडते बाई, त्यांना काय सांगू नका.”