बॅकअप संपल्यावर

"बॅकअप संपला की मशीन आपोआप बंद पडतं," तो म्हणाला. "आणि माझ्या घरात आपोआप काही झालेलं मला आवडत नाही."

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई जमिनीवर बसून कॅबिनेटचं झाकण काढत होती. तो तिच्या पाठीमागेच उभा होता. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. हिशोब या मशीनवर असायचे आणि दुपारी तो दुकानात असताना त्यांचा बॅकअप व्हायचा. गेल्या आठवड्यात तो अवेळी घरी आला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत स्क्रीन काळा झाला. तेव्हापासून तो रोज दुपारी या खुर्चीत बसून पहारा देत होता.

तिने पंख्यातली धूळ काढली. मशीन तापत नव्हतं, वायरी घट्ट होत्या. तिने त्याच्यासमोरच बॅकअप चालवून पाहिला. बॅकअप नीट संपला, थोडा वेळ गेला आणि मशीन शांतपणे बंद झालं.

पलीकडच्या खोलीतून त्याच्या आईचा आवाज आला. "साखर बघून घाल गं. इतकी वर्षं झाली, हिला साधा चहा जमत नाही."

तो हसला. "आईचं तोंड दिवसभर चालू असतं. लक्ष देऊ नका."

त्याची बायको चहा घेऊन आली. उकाडा मी म्हणत होता, तरी तिच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. उंबऱ्याच्या आत तिने पाऊल टाकलं नाही. कप त्याच्या हातात दिला आणि ती मागच्या मागे निघून गेली.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोलत बोलत तो गॅलरीत गेला. बाईने मशीन पुन्हा सुरू केलं आणि त्यातल्या नोंदी उघडल्या. वीज गेली नव्हती, बिघाडही नव्हता. मशीन बंद पडत नव्हतं. बंद केलं जात होतं. बॅकअपच्या शेपटाला कुणीतरी आणखी एक काम जोडलं होतं. 'जुने फोटो' नावाचं एक फोल्डर घराबाहेरच्या कुठल्याशा खात्यावर पाठवायचं आणि मग मशीन बंद करायचं.

तिने फोल्डर उघडलं. एक दंड, काळानिळा. सुजलेला ओठ. बाहेरून कडी घातलेलं दार. स्वयंपाकघराच्या फरशीवर बसलेली तीच बाई, जिने आत्ता चहा आणला होता.

तिने फोल्डर मिटलं.

"काय निघालं?" तो दारात होता. कधी आला, कळलं नाही.

खरं सांगितलं तर आजच काय होईल, हे तिला दिसत होतं. "पॉवर सप्लाय," ती म्हणाली. "बॅकअपचा ताण आला की मान टाकतो. वर्कशॉपला न्यावं लागेल."

"मशीन घराबाहेर जाणार नाही."

"माझ्याकडे इथे पार्ट नाही."

त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "ठीक आहे. मग मीही येतो. तुम्ही उघडेपर्यंत, बंद करेपर्यंत समोर बसतो." त्याने स्वतःच कॅबिनेट उचललं. "गाडी काढतो. लवकर खाली या."

जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली. बाईने हत्यारं भराभर बॅगेत कोंबली आणि स्वयंपाकघराशी जाऊन ती दबक्या आवाजात म्हणाली, "घाबरू नका. फोटो बाहेर सुरक्षित पोचलेत. तुम्ही काय लावून ठेवलंय ते मी त्यांना सांगितलेलं नाही."

सून गोंधळली. "कुठले फोटो? मला त्या खोलीत जायचीसुद्धा परवानगी नाही."

"मी लावलंय ते," मागून आवाज आला.

म्हातारी दाराला धरून उभी होती. दुसऱ्या हातात कपड्यांनी भरलेली पिशवी होती. "कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा सगळ्यांना मीच शिकवलं होतं. तो विसरला. तो घरी यायच्या आत मशीन बंद व्हायला हवं, एवढंच बघितलं होतं मी. पण त्या दिवशी तो लवकर आला, आणि मग खुर्ची सोडीना. काढून टाकायला सवडच मिळाली नाही." मग ती बाईकडे वळली. "त्याला तिथे बसवून ठेवाल?"

"जितकं जमेल तितकं," बाई म्हणाली.

"आई, तुम्ही..." सून सासूकडे वळली. "तुम्ही तर दिवसभर मला..."

"तुझी बाजू घेतली की तो तुला दुप्पट मारायचा. एकदा घेऊन पाहिली होती मी." तिने पिशवी सुनेच्या हातात कोंबली. "फोटो तुझ्या बहिणीकडे गेलेत. ती वाट बघतेय. त्यांची गाडी वळली की मागच्या जिन्याने निघ."

खाली हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा, लांबलचक.

सुनेने पायात चपला सरकवल्या. मग ती थबकली. "आणि तुम्ही? तुम्ही पण चला ना, आई."

म्हातारी स्वयंपाकघरात गेली आणि तिने चहाची भांडी विसळायला घेतली.

"मी कशी येऊ? तो वर्कशॉपमधून घरी फोन करील. कुणीतरी उचलायला हवा. आणि आल्यावर त्याला दार उघडायला हवं."